वकीलकाकांना जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय वकीलकाका,
सादर नमस्कार.

एम.ए.चा निबंध काल विभागात जमा केला. घरी येऊन पाया पडणारच आहे. पण तुम्ही जे शिकवलंत ते साखर पेठेतल्या आणखी चार मुलामुलींच्या उपयोगी पडावं, म्हणून हे जाहीर लिहिते आहे.

विषय होता सोलापुरी चादरीची जीआय नोंदणी, म्हणजे मालाच्या नावाला त्याच्या मूळ गावामुळे मिळणाऱ्या भौगोलिक मानांकनाची नोंद. कच्च्या खर्ड्यातलं पहिलंच वाक्य, ‘सोलापुरी चादर जगप्रसिद्ध आहे,’ वाचून तुम्ही विचारलंत, “हे नाकारतंय कोण? जे सगळ्यांना मान्यच आहे, ते पटवून कुणाला देणार?” मग तुम्ही १९९९चा भौगोलिक मानांकनांचा कायदा समोर ठेवलात आणि कलम १७ व २१ मोठ्याने वाचायला लावलीत. नाव नोंदलं गेलं तरी ते वापरण्याचा हक्क ज्याची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद आहे त्यालाच मिळतो, हे तिथे कळलं. त्यातूनच माझं म्हणणं ठरलं: चादरीची नोंदणी झाली तरी, दोन-चार मागांच्या कारखानदाराची स्वतःची नोंद होईपर्यंत कायदा त्याच्या हाती येत नाही. याला विरोध होऊ शकतो, म्हणून यावर निबंध होऊ शकतो.

आणि विरोध तुम्हीच केलात! खुर्ची समोर ओढून उलट्या बाजूने भांडलात: ज्या संस्थेच्या नावावर चादरीची नोंदणी आहे तिने बाहेरच्या नकली मालावर दावा लावला, तर बाजार साऱ्या सोलापूरचाच मोकळा होतो, मग प्रत्येकाच्या नोंदीचा खटाटोप कशाला? हा मुद्दा बिनतोड वाटला. तुम्ही म्हणालात, तो निबंधात घालायचाच, आणि असा मांडायचा की समोरच्याने ‘हेच मला म्हणायचं होतं’ म्हणावं. उत्तर त्यानंतर. ते शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला: दावा लावायचा की नाही हे संस्था ठरवणार असेल, तर लहान कारखानदार कायम दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो. माझ्या मते निबंधातला सर्वात भक्कम परिच्छेद तोच आहे.

माझे बाबा मागावर कामाला आहेत. त्यांच्याबद्दलचा मजकूर तुम्ही काढायला लावला नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. “एका मागावरची गोष्ट एका मागाचीच म्हणून लिही, साऱ्या शहराची म्हणून नको,” एवढंच सांगितलंत. मी तसंच लिहिलं. बाबांनी तो भाग दोनदा वाचायला लावला.

फी तर सोडाच, चहासुद्धा दर वेळी काकूंनीच पाजला. त्यांनाही मनापासून नमस्कार.

धाकटा भाऊ यंदा वक्तृत्व स्पर्धेत उतरतोय. रविवारी त्याला घेऊन येते.

तुमची,
शेजारच्या वाड्यातली मुलगी