नव्वद दिवसांची नोंद

कोथरूड, पुणे
नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज चढलेला होता. आईला वाटलं तब्येत बिघडली. तू तिथल्या, थायलंडच्या, इमिग्रेशनच्या कचेरीतून आला होतास हे नंतर कळलं. "नोकरी सोडून शांतपणे राहायला आलो आणि दर नव्वद दिवसांनी हजेरी लावतोय. मी काय तडीपार आहे का?" असं म्हणालास. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझ्या नोकरीतली बरीच वर्षं पोलीस कमिशनर ऑफिसातल्या फॉरेनर्स ब्रँचमध्ये, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या शाखेत गेली, हे तुला ठाऊकच आहे. तू आज खिडकीच्या ज्या बाजूला उभा राहतोस, तिच्या आतल्या बाजूला मी बसलो. सत्तरच्या दशकात इराणी विद्यार्थी पुण्यात मोठ्या संख्येने येत, आणि १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाल्यावर तर जगभरातली माणसं आमच्या टेबलासमोर रांगेत असत. खोली बदलली की नोंद, मुदत वाढवायची की नोंद, गाव सोडायचं की नोंद. फोटोला गोंद लावून रजिस्टरमध्ये चिकटवायचा, निम्मा शिक्का फोटोवर आणि निम्मा कागदावर पडेल असा मारायचा, आणि पत्ता लिहिताना घरमालकाचं नाव विचारायचं. पुष्कळ जण तुझ्यासारखेच चिडायचे. आम्हाला त्यांच्यापैकी कुणाचाही संशय नसे. आम्हाला माणूस कुठे आहे एवढंच हवं असायचं.

एक प्रसंग तुला कधी सांगितलेला नाही. एक वयस्क परदेशी गृहस्थ रस्त्यात कोसळून ससूनमध्ये दाखल झाले. शुद्ध नव्हती, मराठी-हिंदी येत नव्हती आणि बरोबर कुणी नव्हतं. खिशात आमच्या शाखेचं रेसिडेन्शियल परमिट तेवढं होतं. हवालदार ते घेऊन आला. त्यावरच्या नंबरावरून मी रजिस्टर काढलं, तर आदल्याच महिन्यात त्यांनी येऊन खोली बदलल्याचं लिहून दिलेलं. त्या पत्त्यावर माणूस पाठवला, घरमालकिणीकडून पत्रव्यवहार मिळाला आणि संध्याकाळपर्यंत दिल्लीच्या त्यांच्या वकिलातीत ट्रंककॉल लागला. बहीण आली तेव्हा ते बोलायला लागले होते. त्या गृहस्थांनी पत्ता बदलल्याची नोंद कंटाळा करून पुढे ढकलली असती, तर आम्ही रिकाम्या खोलीचं दार ठोठावून परत आलो असतो.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, ही नोंद अपमान समजू नकोस. आमचं काम ज्या १९३९ आणि १९४६ च्या कायद्यांवर चालायचं ते यंदा १ सप्टेंबरपासून गेले आणि त्यांच्या जागी नवा कायदा आला. पण परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्याने चोवीस तासांत कळवायचं, हे इथे आजही आहेच. तिथेही तेच. त्यांचा कायदा १९७९ चा. नव्वद दिवसांनी तू कळवायचं ते एका कलमाने, आणि तुला घर देणाऱ्याने चोवीस तासांत कळवायचं ते लगेच पुढच्या कलमाने.

आता कामाचं. तुझ्या लेकाने मला तिथल्या इमिग्रेशनचे नियम मोठ्या अक्षरांत छापून दिले, ते मी पेन्सिल घेऊन वाचले.

नव्वद दिवसांच्या नोंदीचा टीएम ४७ हा फॉर्म ठरलेल्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून ते सात दिवस नंतरपर्यंत देता येतो. तू मात्र ते नंतरचे सात दिवस नाहीतच असं धर. उशीर झाला की दोन हजार बाट दंड, आणि पैशापेक्षा पासपोर्टामागे नोंद लागते ते वाईट. पहिल्यांदा समक्ष जावं लागलं, यापुढे घरबसल्या ऑनलाइन करता येईल. त्यांची पोच छापून पासपोर्टात ठेव, मोबाइलमध्ये आहे म्हणून भागवू नकोस. आणि एक गोष्ट पक्की लक्षात घे, या नोंदीने तुझी राहण्याची मुदत वाढत नाही. मुदतवाढ वेगळी, वर्षातून एकदा, टीएम ७ वर, १,९०० बाट भरून. लोक या दोन तारखांची गल्लत करतात आणि नव्वद दिवसांची पावती हातात आहे म्हणून निर्धास्त राहतात. मुदत उलटली की मग दिवसाला पाचशे बाट, वीस हजारांपर्यंत. दोन्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहून ठेवा. कालनिर्णय तिकडे नेलंय ना?

घर बदलणार असं सूनबाई म्हणत होत्या. नव्या घरमालकिणीला पैसे देण्याआधी विचार, तू तिच्याकडे राहायला आल्याचं कळवायचा तो टीएम ३० फॉर्म भरणार का? ते भरायचं काम तिचं असलं, तरी ते नसल्यामुळे खोळंबा तुझा होतो, कारण मुदतवाढीच्या वेळी कचेरी तो कागद मागते. ती टाळाटाळ करायला लागली तर ते घर घेऊ नकोस, कितीही हवेशीर असो.

तू म्हणालास, एक एजंट भेटलाय, पासपोर्ट त्याच्याकडे दिला की सगळं परस्पर करून देतो, मुदतवाढीसाठी लागणारे आठ लाख बाट बँकेत दाखवायचीही सोय करतो. बाळ, याला साफ नाही म्हण. आमच्या शाखेच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर असले लोक दिवसभर बसलेले असत. पैसे घेताना सगळं त्यांच्या हातात असायचं, आणि खोटा कागद सापडला की जबाब द्यायला पासपोर्टवाला उभा राहायचा. दुसऱ्याचे पैसे आठवडाभर आपल्या खात्यात दाखवणं ही सरळ खोटी कागदपत्रं आहेत. तुझ्याकडे फंडाचे पैसे आहेत, तुला गरजच काय? अर्जाआधी दोन महिने आठ लाख खात्यात हवेत, मंजुरीनंतर तीन महिने तसेच राहायला हवेत, आणि पुढे चार लाखांच्या खाली जाता कामा नये. ही रक्कम आपली नाहीच असं समजून बाजूला टाक. दवाखान्याचा खर्च आला तर इथून पाठवू, त्याला हात लावू नकोस. दुसरा रस्ता महिना पासष्ट हजार बाट उत्पन्नाचा आहे, पण तुला अजून पेन्शन सुरू नाही, तेव्हा तो तुझ्या कामाचा नाही.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसलो ते.

मुदतवाढ हातात असताना तू री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, न काढता देशाबाहेर पाऊल टाकलंस, तर ती मुदतवाढ तिथल्या तिथे संपते. परत पहिल्यापासून व्हिसा. टीएम ८ चा अर्ज, एका फेरीचे हजार बाट, कितीही फेऱ्यांचे ३,८००. तू एका फेरीचं काढतोस, तेही तिकीट काढल्यावर, हे मला सूनबाईंकडून कळलं. बाळ, मी ब्याऐंशीचा, तुझी आई अठ्ठ्याहत्तरची. आम्ही दोघं व्यवस्थित आहोत, टेकडीवर नाही पण सोसायटीच्या बागेत रोज फिरतो. तरी आमच्या वयाला फोन कधी येईल ते सांगता येत नाही. असा फोन आल्यावर तू बॅग भरावीस आणि निघावंस. कचेरी कधी उघडते याची वाट बघत, किंवा व्हिसा गेला तर गेला असा हिशोब करत तू विमानात बसावंस, हे मला नको आहे. मुदतवाढ मिळाली की त्याच दिवशी, त्याच इमारतीत, अनेक फेऱ्यांचं परमिट काढायचं. तुझं आणि सूनबाईंचं, दोघांचंही. त्याची मुदत तुझ्या मुदतवाढीबरोबरच संपते, म्हणून दर वर्षी नव्याने. ते पैसे दर वर्षी मी देईन, हा माझा हट्ट समज.

परत जाताना नव्वद दिवस तिकडे उतरल्या दिवसापासून नव्याने मोजायचे, जुनी तारीख खोडायची. १ मे २०२५ पासून तिकडे उतरण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्डही ऑनलाइन भरावं लागतं, राहणाऱ्यांनासुद्धा. ते तिकडे उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, निघण्यापूर्वी इथे घरीच भरू.

सूनबाईंचा मुक्काम तुझ्या मुदतवाढीच्या आधारावर आहे. म्हणजे तुझं काही चुकलं तर त्याही अडकतात. त्यांची नव्वद दिवसांची नोंद वेगळी करायची, तुझ्याबरोबर आपोआप होत नाही. या मुदतवाढीला लागणारी पन्नास वर्षं त्यांनाही आता पूर्ण झाली आहेत, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यात रक्कम ठेवून मुदतवाढ घ्यावी का, याचा दोघांनी बसून विचार करा. तुझ्या त्या आठ लाखांच्या खात्यावर तुझं एकट्याचंच नाव लागतं. उद्या तुला काही झालं तर त्या परक्या गावात त्यांच्या हातात आपल्या हक्काचे पैसे असायला हवेत. मी हे बोलतो म्हणून आई रागावली, अभद्र बोलू नका म्हणाली. पण आमच्या टेबलावर येऊन रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, ज्यांना नवऱ्याच्या कागदातलं एक अक्षर माहीत नसायचं. सगळं सूनबाईंना दाखव. पुढची ऑनलाइन नोंद त्यांच्याच हातून करवून घे.

पासपोर्टाची मुदत बघ. पासपोर्ट जिथे संपतो त्याच्यापुढे ते मुदतवाढ देत नाहीत. नवा तिकडे आपल्या दूतावासामार्फत निघेल, पण त्यानंतर जुन्यातले शिक्के नव्यात घेण्यासाठी इमिग्रेशनकडे जावं लागतं, तेव्हा जुना टाकून देऊ नकोस. इथली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, करायची राहिली असतील तर येशील तेव्हा आपण दोघं बँकेत जाऊ. वर्षात १८० दिवस तिकडे राहिलास की करासाठी तू तिथला रहिवासी ठरतोस, आणि २०२४ पासून बाहेरून नेलेल्या उत्पन्नावर ते कर धरतात. हे माझ्या अभ्यासाबाहेरचं आहे, आपल्या सीएला विचार.

मी परवाच बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करून आलो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता काउंटरला. खुर्ची दिली, पाणी विचारलं, सही ताडून बघितली. दर नोव्हेंबरला सरकार मला विचारतं, आहात ना? मी जाऊन सांगतो, आहे. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

तर आता एवढं कर. पासपोर्टाचं पहिलं पान, मुदतवाढीचा शिक्का, री-एंट्रीचं पान आणि नव्वद दिवसांची पोच, दोघांचंही, फोटो काढून तुझ्या लेकाच्या मोबाइलवर पाठव. तो छापून देईल, मी फाईल केली आहे. तिच्यावर तुमच्या घरमालकिणीचा फोन नंबर आणि पत्ता हवा, तोही थाई लिपीत लिहून घे.

आईने भाजणी आणि मेतकूट करून ठेवलंय. तुमच्या शेजारच्या देशपांड्यांकडचं कुणी डिसेंबरात इकडे येणार होतं ना? त्यांची परतीची तारीख कळव, म्हणजे त्यांच्याकडे पोचवतो.

सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा