आमच्या आप्पांच्या डब्यातली भाकरी खाणाऱ्या मॅडमना

मॅडम,

आमचे आप्पा तुम्हाला आठवत नसतील. रोज कितीजण येतात तुमच्याकडे, काय खावं ते विचारायला. आप्पांना मात्र तुम्ही तोंडपाठ आहात.

तुमच्याकडे येण्याआधी दोन वर्षं आम्ही आप्पांच्या मधुमेहापायी दुसऱ्या एका दवाखान्यात हेलपाटे घातले. तिथं सांगितलं, साखर बंद, भात बंद, ज्वारीची भाकरी हवी तेवढी खा. सोलापूरच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे झालंच की! साखर हटेना म्हणून गोळी वाढली. मग एक दिवस मान वर न करताच हुकूम सुटला, भाकरीपण बंद. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र तेवढीच. चौथ्या दिवशी आप्पा मागाजवळ घामानं निथळत खाली बसले. मीटरवर साखर फक्त 58. विचारायला गेलो तर "तुम्हीच पथ्य नीट पाळत नाही" ऐकून परत आलो.

तुमच्याकडे आप्पांनी डबा खुर्चीखाली सारला होता, चोरीचा माल असल्यासारखा. तुम्ही तो मागून घेतलात, उघडलात. कडक भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीबरोबर तोंडात टाकलात आणि म्हणालात, "लसूण बेताचा पडलाय. कुणी केली?" आप्पा पहिल्यांदा हसले. "भाकरी म्हणजे गुन्हा नाही ना ओ मग?"

नाही, पण हिशेब आहे, म्हणालात. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे गव्हाइतकीच जवळपास. कडक भाकरी हाताला हलकी लागते ती पाणी उडाल्यामुळं, पीठ कमी होत नाही. म्हणून भाकरी नको, पीठ तोला. घरी तोललं तर आप्पांच्या एका जेवणाच्या दोन भाकऱ्यांना 160 ग्रॅम पीठ! एवढं सांगायला आधीच्यांचे काय पैसे पडत होते? गोळीचं तर तुम्ही स्वतः डॉक्टरांना फोन लावून बोललात, म्हणून ती कमी झाली.

शिकलेली माणसं गावात कमी नाहीत ओ. पेशंटच्या डब्यातला घास खाणारी किती?

साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 9.8 वरून 7.3 वर आलीय. आई 40 ग्रॅम पीठ काट्यावर घेते आणि रोज कुरकुरते, सोनाराच्या घरात दिली असती तर बरं झालं असतं म्हणून. परवा तुमच्या टेबलावर चटणीचा डबा ठेवून गेले ते आप्पाच. डबा परत पाठवायचा नाही, असा निरोप आहे.