पाडल्या जाणाऱ्या इमारतींच्या छायाचित्र-नोंदीसाठी सहकार्याचे आवाहन

रोज नजरेखालून जाणारी एखादी इमारत पाडली गेली, की तिला मजले तीन होते की चार, जिना दर्शनी बाजूला होता की मागे, यावर तिच्यासमोरून वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्यांचेही एकमत होत नाही. नामांकित वास्तूंची छायाचित्रे आणि नकाशे कुठे ना कुठे जपलेले असतात. राहती घरे, छापखाने, शाळा, गोदामे यांच्या वाट्याला मात्र हे भाग्य सहसा येत नाही. अशा इमारती पाडल्या जाण्यापूर्वी त्यांची पद्धतशीर छायाचित्र-नोंद करण्याचे काम आमच्या मंडळाने हाती घेतले असून, त्यासाठी नागरिकांनी सहकार्य करावे, अशी विनंती आहे.

या कामाला जुनी परंपरा आहे. ग्लासगो शहरात थॉमस ॲनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात दाटीवाटीच्या बोळांची छायाचित्रे काढली, ती तिथल्या वस्त्या पाडून सुधारणा करण्यासाठी नेमलेल्या मंडळाच्याच सांगण्यावरून. पाडणाऱ्यांनीच आधी नोंद करून ठेवावी, हा शहाणपणा आता दुर्मीळ झाला आहे. लंडनमध्ये ऑक्सफर्ड आर्म्स ही जुनी सराय पाडली जाणार असे कळल्यावर १८७५ मध्ये काही नागरिकांनी एकत्र येऊन संस्था स्थापन केली आणि १८८६ पर्यंत जुन्या लंडनची १२० छायाचित्रे प्रसिद्ध केली. आमच्यासारख्या लहान मंडळाला हे दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटते.

सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. इमारतीभोवती पत्रे उभे राहतात तोवर बहुधा दारे-खिडक्या काढून नेलेल्या असतात, आणि उरलेल्या सांगाड्याचे छायाचित्र कितीही उत्तम आले तरी त्यातून तिथला वावर कळत नाही. म्हणून इमारत रिकामी होण्याची नुसती बोलणी सुरू असतानाच रहिवाशांनी अथवा मालकांनी आम्हाला कळवावे. आमचा पुनर्बांधणीला विरोध नाही. गळक्या छताखाली दिवस काढणाऱ्यांना जुन्याची महती ऐकवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

रस्त्यावर उभे राहून कॅमेरा वर कलवला, की इमारतीच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि मजल्यांच्या उंचीचे प्रमाण चुकीचे दिसते. त्यामुळे दर्शनी भागाचे छायाचित्र समोरच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावरून घेणे सोयीचे ठरते. त्यासाठी समोरच्या रहिवाशांनी आपली खिडकी तासभर वापरू दिली, तरी ती मोलाची मदत ठरेल. आतील नोंद रहिवाशांच्या लेखी संमतीनेच होईल. तीत जिन्याचा कठडा, मधोमध झिजलेली पायरी, फरशीची नक्षी, दाराची कडी असे तपशील शेजारी मोजपट्टी ठेवून टिपले जातील, आणि प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, पत्ता व कॅमेऱ्याची दिशा लिहिली जाईल. धोकादायक ठरवलेल्या किंवा पाडकाम सुरू झालेल्या इमारतीत आमचा एकही स्वयंसेवक पाऊल ठेवणार नाही. शिकागोतील जुन्या स्टॉक एक्स्चेंजच्या पाडकामादरम्यान तिथले अवशेष वाचवू पाहणारे छायाचित्रकार रिचर्ड निकेल १९७२ मध्ये त्याच इमारतीत ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावले, हे आम्ही विसरलेलो नाही.

ज्या इमारती आधीच गेल्या, त्यांच्यासाठी आपले घरगुती अल्बम हाच आधार आहे. समारंभाच्या छायाचित्रात माणसांच्या मागे दिसणारी भिंत, गॅलरी किंवा फाटक आमच्या दृष्टीने महत्त्वाचे असते, तेव्हा 'यात फक्त घरचीच माणसे आहेत' असे म्हणून ती बाजूला ठेवू नयेत. मूळ छायाचित्र आपल्यासमोर स्कॅन करून लगेच परत केले जाईल.

लंडनच्या त्या संस्थेने आपली छायाचित्रे फिकी पडू नयेत म्हणून टिकाऊ कार्बन पद्धतीने छापून घेतली होती. डिजिटल फायलींना फिके पडण्याचे भय नसले, तरी हार्ड डिस्क बंद पडण्याचे आहेच. त्यामुळे प्रत्येक फाइलच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात आणि ठरावीक काळाने त्या नव्या साधनांवर उतरवाव्या लागतात. आर्थिक देणग्या प्रामुख्याने या साठवणुकीसाठी, तसेच उभ्या रेषा सरळ ठेवणाऱ्या खास भिंगाच्या खरेदीसाठी वापरल्या जातील. वापरात नसलेला चांगला कॅमेरा, तिपाई किंवा स्कॅनर यांचाही आनंदाने स्वीकार केला जाईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, जमाखर्च वार्षिक सभेत मांडला जाईल, आणि नोंद झालेल्या प्रत्येक इमारतीच्या छायाचित्रांचा एक संच तिथल्या रहिवाशांना विनामूल्य दिला जाईल.