तिकिटाआधी भूमिका कळू द्या

संपादक महोदय,

अमेरिकेत काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीसाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे बहुतेक ठिकाणी पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. प्राथमिक निवडणुकीत मतदारच ते ठरवतात. १० जून २०१४ रोजी व्हर्जिनियाच्या सातव्या मतदारसंघात डेव्हिड ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने अशाच लढतीत आपल्याच रिपब्लिकन पक्षाचे सभागृहातील बहुमताचे नेते एरिक कँटर यांना हरवले. १८९९ मध्ये हे पद निर्माण झाल्यापासून त्यावरील कोणाचाही असा पराभव झाला नव्हता. कँटर यांच्या प्रचाराच्या खर्चाला ब्रॅट यांचा निधी पासंगालाही पुरणारा नव्हता. पण बेकायदा स्थलांतरितांना अभय देऊ नये, सरकारी कर्जाला आवर घालावा, बुडत्या बड्या बँका करदात्यांच्या पैशाने वाचवू नयेत, अशा आपल्या परंपरावादी भूमिका त्यांनी स्पष्ट मांडल्या होत्या.

त्यांची स्थलांतराविषयीची भूमिका मला पटत नाही. ज्या कोकणात घरटी एक तरी माणूस पोटासाठी मुंबईला नाहीतर आखातात गेलेला असतो, तिथे राहून ती पटणे कठीणच आहे. परंतु ती काय आहे, हे तिथल्या मतदाराला मतदानापूर्वी ठाऊक होते. त्या दिवशी जेमतेम ६५ हजार लोकांनी मतदान केले आणि अशा अल्प मतदानात टोकाची भूमिका सहज पुढे जाते, हा त्या पद्धतीचा दोषही मला मान्य आहे.

आमच्याकडे मात्र तिकीट मुंबईत ठरते आणि भूमिका कधीच कळत नाही. मागच्या निवडणुकीत मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढून झाली होती, टोपल्यांत तारली मासळी कमी आणि कचराच जास्त होता, तेवढ्यात एका उमेदवाराचा ताफा येऊन थांबला. एलईडी दिवे लावून समुद्र उपसणाऱ्या नौकांबद्दल तुमचे म्हणणे काय, असे एका म्हाताऱ्या रापणकराने त्यांना विचारले. केंद्र सरकारने २०१७ मध्येच अशा मासेमारीवर बंदी घातलेली असल्यामुळे उत्तर अवघड नव्हते. उमेदवारांनी हात जोडले, 'बघूया' म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. रापणकर ओले जाळे हातात धरून तसाच उभा राहिला. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

याच रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघातल्या बारसूत रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून २०२३ मध्ये गावकरी, त्यांत बायाबापड्याही, भर उन्हात रस्त्यावर उतरल्या. तरी इच्छुकांपैकी कोण प्रकल्पाच्या बाजूचा आणि कोण विरोधातला, याचे आम्हाला अंदाजच बांधावे लागतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या चौपदरीकरणाबद्दल तर विचारायलाच नको.

पक्ष आपण होऊन ही रीत बदलतील असे वाटत नाही, म्हणून आपल्याला कळकळीची विनंती आहे. तिकिटे जाहीर होण्यापूर्वी आपल्या वृत्तपत्राने प्रत्येक इच्छुकाला एलईडी मासेमारी, रिफायनरी आणि महामार्ग यांवर लेखी प्रश्न पाठवावेत, आलेली उत्तरे जशीच्या तशी छापावीत, आणि जे उत्तर देणार नाहीत त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मालवण