मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,
सा. न. वि. वि.

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरातले मोडी कागद तुम्ही वाचून दिलेत, त्याबद्दल हे पत्र. सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम लिहितोय, कारण आम्हा भंडाऱ्यांच्या पुष्कळ घरांत अशी बासनं पडून आहेत.

पणजोबा माडीचा, म्हणजे माडाचा रस काढून विकायचा, धंदा करायचे, एवढंच घरात सांगत, तेही आवाज खाली आणून. तुम्ही वाचलेल्या पावत्यांतून मला कष्टाळू, हिशेबी माणूस भेटला. माडागणिक कर, झाडावर घातलेला आकडा, वेळच्या वेळी भरलेला हप्ता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडकऱ्याच्या गळ्याला करांचा फास कसा बसला, हे तुम्ही पावत्या पुढ्यात मांडून समजावलंत.

आणि कसब केवढं! न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, दोरीने बांधायची, काही दिवस हलक्या हाताने ठोकायची, मग टोक कापून मडकं लावायचं. रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढून नवा काप द्यायचा. रस मडक्यात पडतानाच हवेतल्या यीस्टने आंबायला लागतो. पहाटे गोड, दुपारी झणका आलेला, दुसऱ्या दिवशी आंबट, पुढे व्हिनेगर. बाहेरून काही घालावं लागत नाही. आंबवण्याचा कारखाना माडाच्या शेंड्यावरच. माझ्या लेखी हे मोठं शास्त्र आहे, आणि ते पणजोबांच्या हातात होतं.

तुमची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कसरीने खाल्लेल्या जागी तुम्ही अंदाजाने शब्द भरला नाहीत, कोरी जागा ठेवलीत. एका पानासाठी गावातल्या म्हाताऱ्या माडकऱ्याकडे स्वतः जाऊन बसलात. पैशांचं विचारलं तर रागावलात.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर पावत्या थांबतात. पुढे नुसत्या मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरी, बाळबोध अक्षरातल्या. आजोबा गिरणीत का गेले, हे मला त्या कागदांनी सांगितलं. वडिलांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बोलले, बापाबद्दल पहिल्यांदाच इतकं.

पावसाआधी उरलेलं बासन घेऊन येतो. त्यातले कागद एकमेकांना चिकटलेत. तुम्ही बजावलंत तसं मी ते सोडवायला गेलेलो नाही. काकूंना नमस्कार सांगा.

आपला नम्र,
वेंगुर्ल्याचा एक भंडारी