टेक्सासला मुलांकडे जाताय? मग जिओकॅशिंग शिकूनच जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्याकडचे कितीतरी आईवडील मुलांकडे अमेरिकेला निघतात. विमा, औषधं, सामानाचं वजन यांची माहिती आपल्या पुरवण्यांत येते आणि ती उपयोगी पडते. पण तिथे पोहोचल्यावर नातवंडांबरोबर करायचं काय, यावर फारसं कोणी लिहीत नाही. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. साखळी-शंकूपासून उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हर यंत्रापर्यंतची मोजणी पाहिली, शेताच्या बांधावर हद्दीच्या खुणा शोधण्यात नोकरी गेली. माझी मुलगी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ केटीला राहते. तिच्याकडे असताना नातवंडांमुळे मला जिओकॅशिंगचा नाद लागला. तिकडे जाणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांनी हा खेळ शिकून घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खेळ असा. कोणीतरी एक डबी एखाद्या जागी दडवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. आपण मोबाइल घेऊन ती शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी, होती तिथेच ठेवायची. याची सुरुवात मे २००० मधली. तोपर्यंत अमेरिकी सरकार सामान्य नागरिकांच्या जीपीएस यंत्रांना मुद्दाम शंभरेक मीटरची चूक दाखवायला लावत असे. ती अडवणूक उठली आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यात पोर्टलंडजवळ एक बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. आत वही, पेन्सिल आणि काही वस्तू होत्या, त्यात घेवड्याचा एक बंद डबासुद्धा होता. काही दिवसांतच ती सापडली. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक जागा आहेत.

आता टेक्सासच का, ते सांगतो. महाराष्ट्राच्या सव्वादोनपट राज्य. पूर्वेच्या लुइझियानाच्या हद्दीपासून पश्चिमेच्या एल पासोपर्यंत इंटरस्टेट १० हा एकच रस्ता या राज्यातून सुमारे १,४०० किलोमीटर जातो. सॅन अँटोनिओ मागे पडलं, टेकड्या संपल्या की पुढे तासन् तास वैराण माळ, कुंपणाच्या तारा आणि दूरवर पवनचक्क्या. मागच्या सीटवर मुलं पडद्यात डोकं घालून बसतात आणि आजी-आजोबा डुलक्या काढतात. जावई ताशी ८० मैलांनी गाडी हाणतो, कारण तिथे तेवढी मुभा आहे आणि मुक्कामी पोहोचायचं असतं. अशा प्रवासात दर दीड-दोन तासांनी एक डबी ठरवून थांबलं की प्रवासाचा नूर पालटतो. पाय मोकळे होतात, आणि ज्या गावाचं नावही कळलं नसतं तिथल्या चौकात आपण उभे असतो. ओझोनाच्या चौकात टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धात पडलेल्या डेव्ही क्रॉकेटचं स्मारक आहे. तो कोण, अलामोच्या लढाईत काय झालं, हे मला नातीने तिथे उभं राहून सांगितलं. फोर्ट स्टॉक्टनला रोडरनर पक्ष्याचा ११ फूट उंच पुतळा आहे, त्याच्यापाशी धाकट्याला गाडीत परत बसवणं अवघड झालं. राज्यात २५४ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत, प्रत्येकीचं मुख्य गाव आणि त्यात कोर्टाची इमारत. प्रत्येक काउंटीत निदान एक डबी शोधायचीच, असा नेम धरणारे लोकही तिथे आहेत. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण रस्त्यात येणाऱ्या काउंट्या नकाशावर रंगवत जायला मुलांना फार आवडतं.

सुरुवातीला खर्च नाही. खेळाचं अधिकृत ॲप उतरवून फुकट खातं उघडायचं. अशा खात्यावर ॲपमध्ये सोप्या डब्याच दिसतात, आणि नवख्याला तेवढ्या पुरतात. प्रत्येक डबीला दोन अंक दिलेले असतात: एक शोधायला किती अवघड, दुसरा तिथवर जायला किती अवघड. दोन्ही १ ते ५. पहिल्यांदा १ किंवा दीडच्या वरचं काही घेऊ नका. डबीचा आकारही पाहा. नखाएवढ्या चुंबकी डबीत फक्त कागदाची गुंडाळी मावते. मुलांबरोबर असाल तर जेवणाच्या डब्याएवढी निवडा, त्यात अदलाबदलीच्या वस्तू असतात.

जागेचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात, सेकंदांत नव्हे. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे अक्षांशात साधारण १.८५ मीटर आणि टेक्सासच्या पट्ट्यात रेखांशात १.६ मीटर. उघड्या आकाशाखाली मोबाइल तीन ते पाच मीटरपर्यंत नेऊन सोडतो, दाट झाडीत त्याहून जास्त चुकतो. म्हणून पाच मीटरवर आलात की मोबाइल खिशात घालायचा आणि नजर वापरायची. मोबाइलमधल्या दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या मागे गोल गोल फिरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. जुन्या मोजणीदाराचं ऐका: लपवणाऱ्याने काय विचार केला असेल, ते बघा. एकाच जागी नीट रचलेले दगड, झाडाच्या बुंध्याशी उगाच आडव्या ठेवलेल्या काटक्या, कुंपणाच्या खांबाला नसायला हवी ती टोपी. वेबसाइटवर डबीची खूण उलट-सुलट अक्षरांत लिहिलेली असते, प्रत्येक इंग्रजी अक्षर वर्णमालेत तेरा घरं पुढे सरकवलेलं. ॲपमध्ये बोट लावलं की ती उलगडते, पण आमची मुलं कागदावर सोडवतात. आग्रहाने तसंच करू द्या.

टेक्सासमध्ये पहिली डबी बहुधा दुकानांच्या वाहनतळावर सापडेल. दिव्याच्या खांबाच्या बुडाशी उलट्या घमेल्यासारखं पत्र्याचं झाकण असतं, ते वर उचललं जातं आणि खाली डबी असते. वायरींना हात लावायचा नाही, आणि उचलण्यापूर्वी टिचकी मारायची, कारण तिथे गांधीलमाश्या आणि काळ्या विषारी कोळ्यांचाही मुक्काम असतो. माळावर तर काठीशिवाय जाऊच नका. दगडांच्या ढिगात, बिळात, पोकळ लाकडात थेट हात घालायचा नाही, तो खुळखुळ्या सापांचा प्रदेश आहे. लाल मुंग्यांच्या वारुळावर नकळत उभं राहिलात तर त्या पायभर चढेपर्यंत कळत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. आपण बुलढाण्याचे, ऊन आपल्याला नवं नाही, असं म्हणून पाणी गाडीत सोडून जाऊ नये.

हद्दीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. टेक्सासमधली बहुतेक सगळी जमीन खासगी आहे. झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला, तर तिथल्या कायद्याने त्याचा अर्थ ‘आत येऊ नका’ असाच आहे, वेगळी पाटी लागत नाही. कुंपण ओलांडून डबी काढायची नाही, आकडे काहीही सांगोत. पोलिसांनी हटकलं तर काय करतो आहोत ते सरळ सांगावं, मोबाइल दाखवावा. आम्हाला हटकणारा हवालदार तर आमच्याबरोबर शोधू लागला.

दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवं, असा नियम आहे. त्याचा फायदा घेऊन काही जण रस्त्याकडेला ओळीने डब्या लावत जातात. आकडा वाढवायला त्या बऱ्या, पण मुलांना घेऊन हमरस्त्याच्या कडेला सारखं चढ-उतर करणं धोक्याचं आहे आणि त्यात पाहण्यासारखंही काही नसतं. त्यापेक्षा राज्य उद्यानांत जा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे प्रवेश फुकट आहे, डब्या उद्यानाच्या परवानगीने ठेवलेल्या असतात. निघण्यापूर्वी आकडे आणि खुणा वहीत उतरवून घ्या. पश्चिम टेक्सासमध्ये मोबाइलची रेंज मैलोगणती नसते. जीपीएसला रेंज लागत नाही, पण ॲपला माहिती उतरवायला लागते.

डबीतली वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची. खाऊ ठेवू नये, वासाने जनावरं डबी फोडतात. आम्ही मेहकरहून नेलेली पितळी घुंगरं ठेवत गेलो. एक घुंगरू क्रमांकाच्या बिल्ल्याला अडकवून सोडलं आहे. असा बिल्ला लोक एका डबीतून दुसरीत नेतात आणि तशी नोंद करतात. आमचं घुंगरू सध्या न्यू मेक्सिकोत आहे, नातवंडं फोनवर त्याची खबर देतात.

डबी नसलेलाही एक प्रकार आहे, तो मला सर्वांत आवडला. २००४ पासून सुरू झालेल्या या ‘अर्थकॅश’मध्ये भूगर्भाच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागी जायचं, दगड-माती नीट पाहायची आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. बिग बेंडसारख्या राष्ट्रीय उद्यानात डबी ठेवायला मनाई आहे, तिथे हाच मार्ग. फोर्ट स्टॉक्टनहून उत्तरेला ओडेसाजवळ उल्कापाताने झालेला खड्डा आहे. सुमारे १६८ मीटर रुंद, आणि गाळाने इतका भरलेला की ठाऊक नसेल तर माणूस पुढे निघून जाईल. तिथे छोटं संग्रहालय आहे, पायवाट आहे, माहितीच्या पाट्या आहेत. चुनखडीच्या त्या खळग्याकाठी मी नातवंडांना लोणारबद्दल सांगितलं: बेसॉल्टमध्ये झालेलं, १.८ किलोमीटर व्यासाचं, आमच्या तालुक्याला लागून असलेलं. त्यांना खरंच वाटेना. पुढच्या सुट्टीत त्यांना लोणारला आणायचं ठरलं आहे.

आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या परिसरात काही डब्या आहेत, जाण्यापूर्वी तिथे सराव करता येईल. पण एक विनंती. हा खेळ इथे वाढवताना स्टेशन, एसटी स्थानक, देवळं अशा गर्दीच्या जागी डब्या कोणी ठेवू नयेत, बेवारस वस्तूने पोलिसांची धावपळ होते. गडांवर तर नकोतच. तटाचे दगड हलवून डबी शोधणारे लोक मला पाहवणार नाहीत. लोणार अभयारण्य आहे. तिथे, निघोजच्या रांजणखळग्यांवर आणि अशाच इतर ठिकाणी वनखात्याची किंवा संबंधितांची परवानगी घेऊन मराठी प्रश्नांचे अर्थकॅश करावेत. भूगोलाच्या शिक्षकांनी यात पुढाकार घेतला तर मोजणीच्या भागाला मी आनंदाने मदत करीन. आपल्या उन्हाळी पुरवणीत या विषयाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक,
मेहकर (जि. बुलढाणा)