नरक्या, कॅन्सर आणि आपल्या बातम्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमुक झाडाच्या सालीत भरपूर अँटिऑक्सिडंट, तमुक पानांचा अर्क कॅन्सरवर गुणकारी, अशा बातम्या पेपरात अधूनमधून येतच असतात आणि छापून आल्या की त्याच दिवशी त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, राहायला राधानगरी भागात, त्यामुळे अशा बातम्यांचं पुढं काय होतं ते पेशंटच्या घरातही बघायला मिळतं आणि जंगलातही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडच्या नरक्याचंच बघा. याला काहीजण अमृता पण म्हणतात. चंदगड, आंबोली, राधानगरीपासून वर महाबळेश्वरपर्यंत सह्याद्रीत उगवणारं हे लहानसं झाड, फुलांना घाण वास, एरवी कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण यात कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य आहे. हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं काढलं, आणि हे वाणी म्हणजे आपल्या नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले, पुढे टॅक्सॉल हे कॅन्सरचं दुसरं मोठं औषधही याच जोडीने शोधलं. त्यानंतर १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात आहे आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त आहे. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरचे प्रमुख होते. म्हणजे या सगळ्या गोष्टीत महाराष्ट्र दोनदा येतो आणि आमच्या पोरांना यातलं एक नावही माहीत नसतं, याचं फार वाईट वाटतं.

आता यातला जो भाग बातमीत कधीच येत नाही तो सांगतो. १९७० च्या सुमारास कॅम्प्टोथेसिनचं सोडियम सॉल्ट खऱ्या पेशंटना देऊन बघितलं गेलं, तर लघवीतून रक्त, भयंकर जुलाब, रक्तातल्या पेशी धडाधड खाली, शेवटी त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारणारं तेच द्रव्य माणसाला झेपत नव्हतं. मग १९८५ मध्ये कळलं की ते पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला अडकवतं, म्हणजे डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी हे एन्झाइम डीएनएचा एक धागा कापून परत जोडत असतं तो जोडायचाच राहतो, आणि पेशी विभागायला गेली की मरते. त्यानंतर रेणूत बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन तयार झाली, ती अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली आणि आज अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये वापरतात. झाडात द्रव्य सापडल्यापासून ३० वर्षं! आणि आजही ही औषधं मिलिग्रॅममध्ये मोजून, आधी रक्त तपासून, डॉक्टरांच्या नजरेखालीच दिली जातात.

आणि आपल्याकडे काय चालतं, तर कुणीतरी सांगतं नरक्याच्या सालीचा काढा द्या. अहो कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे काढ्यात ते किती उतरलं, आणखी दुसरं काय काय उतरलं हे कुणीच सांगू शकत नाही, आणि जास्त पोटात गेलंच तर ते विष आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात तर काढ्याच्या भरवशावर केमोच्या तारखा पुढं ढकलत गेले. त्या माणसांना मी दोष देत नाही, घरात कॅन्सर आला की माणूस काहीही धरायला जातो, पण त्यांच्या हातात पेपरचं कात्रण होतं हे मला विसरता येत नाही.

अँटिऑक्सिडंटचंही तसंच आहे. डीपीपीएच नावाची एक सोपी टेस्ट असते, जांभळा रंग पिवळा पडला की अर्क अँटिऑक्सिडंट. आवळा, जांभूळ, कोकम, साधा चहा, सगळ्यांनी तो रंग उतरतो, त्यावरून शरीरात काय होईल ते कळत नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष स्मोकर्सवर मोठी चाचणी झाली, त्यात बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त झाला, हा १९९४ चा रिपोर्ट आहे. शिवाय रेडिएशन आणि काही केमो तर फ्री रॅडिकल (पेशींची मोडतोड करणारे रेणू, अँटिऑक्सिडंट त्यांनाच निकामी करतात) तयार करूनच कॅन्सरच्या पेशी मारतात, मग ट्रीटमेंट चालू असताना डॉक्टरांना न सांगता अँटिऑक्सिडंटच्या पावडरी आणि कॅप्सूल घेणं किती धोक्याचं होऊ शकतं बघा. आवळा, कोकम जेवणात जरूर खा, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

जंगलात तर याहून वाईट. नरक्याला पैसा मिळतो कळल्यापासून चोरटी तोड चालू आहे, कारवाया होतात, माल पकडला जातो, परत तोड होते. बुंध्यापासून तोडलं तर ते निदान परत फुटतं, पण मुळातही द्रव्य असतं म्हणून मुळासकट उपटतात आणि मग तिथं काही उरत नाही. जम्मूच्या शास्त्रज्ञांना २००५ मध्ये याच झाडाच्या आत राहणारी एक बुरशी कॅम्प्टोथेसिन बनवताना सापडली, टिश्यू कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत रोपं वाढवण्यावर, काम झालंय, लागवड करता येते. म्हणजे जंगल न ओरबाडताही मार्ग आहेत, त्यावर लिहा ना, वाचक नक्की वाचतील.

माझी मागणी एवढीच की अशी बातमी छापताना पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा, प्रयोग कशावर झाला, परीक्षानळीत, पेशींवर, उंदरांवर का माणसांवर. माणसांवर झाला नसेल तर हेडिंगमध्ये ‘कॅन्सरवर औषध’ हे शब्द नकोत. एखाद्या कॅन्सरतज्ज्ञाचं मत सोबत घ्या. आणि दुर्मिळ झाड कुठल्या गावाच्या कुठल्या पठारावर आहे ते कृपया छापू नका, तोडणारेही पेपर वाचतात. त्याऐवजी वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन चौकटीत द्या, म्हणजे रात्री-अपरात्री कुणी नरक्याच्या लाकडाच्या ढपल्यांची पोती भरताना दिसलं तर फोन कुठं करायचा हे आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना माहीत होईल.

आपला,
एक शिक्षक-वाचक, राधानगरी तालुका